बरणीची वंशावळ

कोल्हापूरच्या तंबाखू तस्करीविरोधी प्रयोगशाळेत एक यंत्र होतं. त्याचं कागदोपत्री नाव इतकं लांबलचक होतं की खुद्द संचालकांनाही ते एका दमात म्हणता येत नसे. शिपायापासून निरीक्षकापर्यंत सगळे त्याला 'नाक' म्हणत. धाडीत सापडलेल्या गुटख्याची चिमूटभर पूड या नाकात घातली, की त्यातला तंबाखू कुठल्या गावच्या कुठल्या वखारीत मुरला ते दोन तासांत समोरच्या पडद्यावर उमटे. चार वर्षांत तेवीस धाडी झाल्या, तेवीस खटले उभे राहिले आणि तेवीसच्या तेवीस जणांना शिक्षा झाली. नाक बनवणाऱ्या डॉक्टर त्रिशला मगदूमला याचा अभिमान होता, आणि तो लपवण्याच्या भानगडीत ती पडत नसे.

मार्च महिन्यातल्या त्या सकाळी निरीक्षक दस्तगीर मुल्लाणी प्रयोगशाळेत आले ते थेट हायवेवरून. पोह्यांच्या पोत्यांखाली दडवलेला चार टन गुटखा त्यांनी पहाटे पकडला होता. ड्रायव्हर पळाला होता आणि ट्रकची नंबरप्लेट खोटी होती.

"आता सगळी भिस्त तुमच्या नाकावर, मॅडम," खुर्चीत बसता बसता ते म्हणाले. "चहा सांगा तोवर. साखर जरा बेतानं."

चहा आला, संपला, दुसराही आला. अकराच्या सुमाराला पडद्यावर अक्षरं उमटली : कुरळवाडी, वखार क्रमांक एकसष्ट, साम्य अठ्ठ्याण्णव पूर्णांक सात टक्के.

त्रिशलाने ती ओळ वाचली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली. एकसष्ट नंबरचा पत्रा चार वर्षांपूर्वी तिनेच दारावर ठोकला होता. शिडी धरायला तिचा धाकटा भाऊ सुकुमार उभा होता, आणि 'आक्का, हातोडा माझ्या टकुऱ्यात पाडू नको' म्हणून तिला हसवत होता.

"ओळखीची वखार दिसते," मुल्लाणी तिच्या चेहऱ्याकडे बघत म्हणाले.

"भावाची."

मुल्लाणींनी कप खाली ठेवला. "पुन्हा एकदा चालवून बघायचं का?"

"तेवीस वेळा तुम्ही हे विचारलं नाहीत," त्रिशला म्हणाली आणि तिने अहवालावर सही केली. सही नेहमीसारखीच उमटली.

नाकामागचं शास्त्र तिला शाळकरी पोरांनाही समजावून सांगता येत असे. तंबाखूचं पान शेतातून येतं तेव्हा ते नुसतं पान असतं. वाळवून, गुळाचं पाणी शिंपडून त्याचे ढीग दाबून ठेवले, की डोळ्यांना न दिसणारे हजारो प्रकारचे जिवाणू त्यात कामाला लागतात. ढीग आतून तापतो आणि पानाला रंग, वास, कस येतो. या जिवाणूंची वस्ती प्रत्येक वखारीत वेगळी असते. पुढे त्या तंबाखूत चुना घाला, कात घाला, सुपारी नि अत्तर घाला, त्यांतले काही चिवट जीव स्वतःभोवती कवच करून तग धरतात. नाक ते कवच फोडतं, आतली जनुकं वाचतं आणि नोंदीतल्या कुठल्या वखारीशी ती सगळ्यांत जास्त जुळतात ते सांगतं. या नोंदीसाठी त्रिशलाने निपाणी-कागल पट्ट्यातली अठराशे वखारी पालथ्या घातल्या होत्या. भिंती खरवडल्या, जमिनी उकरल्या, ढिगांच्या पोटात हात घातले.

नव्या कायद्याने परवानाधारक कारखान्याखेरीज कुणालाही एक पानही विकायला बंदी होती. कायद्यातून निसटलेला तंबाखू गुटख्यात जाई आणि गुटखा शाळांच्या कुंपणापर्यंत पोचे. नाकाचा अहवाल हा निर्णायक पुरावा मानावा आणि आरोपीला जामीन मिळू नये, हे कलम त्रिशलानेच समितीत भांडून घालून घेतलं होतं. तिचे वडील घरचंच पान दाढेखाली धरत आणि जबडा अर्धा कापल्यावर दीड वर्षाने गेले. त्या दीड वर्षाचा राग तिच्यात अजून ताजा होता. तंबाखूवर शिकली आणि तंबाखूच्याच मुळावर उठली, असं गावात तिच्याबद्दल म्हणत. तिला ते कौतुक वाटे.

सुकुमार कागलच्या कोठडीत भेटला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले, पण बहिणीला बघून उसनं हसला.

"आक्का, तुझ्या नाकाला सर्दी झालीया बघ."

"सुकुमार, खरं सांग."

"खरंच सांगालोय. यक पान भाईर गेलं न्हाई. गठ्ठे दोनदा मोजतोय मी, सील बी तुज्याच मान्सांनी मारल्यात." मग त्याचा आवाज खाली आला. "तुला बी वाटालंय व्हय, मी केलं आसंल?"

भाऊ तरी खोटं बोलत होता नाहीतर यंत्र तरी, आणि दोघंही तिच्याच अंगाखांद्यावर वाढलेले. सुकुमार तीन वर्षांचा असताना ती त्याला कडेवर घेऊन शाळेत जायची. आता तीन आठवड्यांनी खटला उभा राहणार होता, आणि शिक्षा दहा वर्षांची होती.

"उत्तर नको दिऊस," सुकुमार म्हणाला. "पर आईकडं जाऊन ये. दोन दिस जेवली न्हाई ती."

कुरळवाडीत आई सोप्यात बसली होती, रत्नाबाई खोत, वय वर्षं बहात्तर. तोंडात बोट होतं आणि बोटावर मिसरी. गुटख्याविरुद्ध राज्यभर दंड थोपटणाऱ्या शास्त्रज्ञाची आई सकाळ-संध्याकाळ तव्यावर तंबाखू भाजून त्याने दात घासते, ही गोष्ट कोल्हापुरात फारशी कुणाला माहीत नव्हती. त्रिशलाने बारा वेळा डबी फेकली होती आणि आईने तेरा वेळा नवी आणली होती. आज मात्र त्यावर बोलायची तिला हिंमत झाली नाही.

"आलीस?" आई म्हणाली. "भावाला आत घातलंस, आता आईला घालाय आलीस व्हय?"

"आई, यंत्रानं जे सांगितलं ते मी लिहिलं."

"यंत्राला आई न्हाई, भाऊ न्हाई. तुला हाईत." आईने चूळ भरली आणि उठली. "बस हितं. माझं काम ऱ्हायलंय."

समोरच्या वखारीला सील होतं, पण आई तिकडे गेलीच नाही. ती स्वयंपाकघरात गेली. फळीवरून तिने चिनी मातीची एक बरणी काढली, वरून तपकिरी, खाली पांढरट, गळ्याशी टवका गेलेली. तोंडावरचं फडकं सोडलं, गुळाचा खडा चुरून आत टाकला, वाटीभर कोमट पाणी घातलं आणि लाकडी पळीने ढवळलं. आंबूस-गोड वास स्वयंपाकघरभर पसरला.

"आता कशाला हे?" त्रिशला म्हणाली. "वखार बंद आहे ना."

"वखार बंद हाय, आंबवण न्हवं. आठ दिसांनी गूळ पडला न्हाई तर मरतंय ते. सुकुमार आल्यावर ढिगावर काय शिंपडायचं मग?"

त्रिशला उठून उभी राहिली. "ढिगावर? हे?"

"आगं, पैल्या पाण्यात वाटीभर घालाय लागतंय की. त्याबिगर पान मुरत न्हाई. इसरलीस? ल्हान हुतीस तवा फडकं धरून तूच बसायचीस माझ्याम्होरं."

ती विसरली नव्हती. ते फडकं, तो वास, बोट घालून चाटल्याबद्दल बसलेला धपाटा, सगळं तिला लख्ख आठवत होतं. पण अठराशे वखारींच्या भिंती खरवडताना स्वयंपाकघरातल्या फळीवरची बरणी तिला एकदाही आठवली नव्हती, कारण ती घरची गोष्ट होती. नोंदणीची माणसं वखारीत जात, पुरुषांशी बोलत आणि कागद भरून निघत. आंबवण हे बायकांचं खातं. त्याबद्दल कुणी विचारलं नाही, म्हणून कुणी सांगितलं नाही.

"आई, ही बरणी आपलीच ना? फक्त आपल्या घरची?"

"आपली कशी? ही माझ्या आईची. मी लगीन हून आले तवा रुखवतात आली माझ्यासंगं. आंबवण इकत देत न्हाईत नि इकत घेत न्हाईत, पोरीला द्याचं अस्तंय. माझ्या भनीला शेवंताला आईनं हीच दिली. सुकुमारच्या आत्त्याला मी दिली. नानीच्या तिन्ही पोरींस्नी..."

आई बोटांवर एकेक घर मोजत होती आणि त्रिशलाच्या मनात नोंदींचा तक्ता उलटापालटा होत होता. नदीच्या दोन तीरांवरच्या, वीस मैल दूर असलेल्या वखारी नाकाला जुळ्या बहिणींसारख्या दिसत. तिने आपल्या प्रबंधात त्याचं कारण लिहिलं होतं, 'एकाच नदीचे पाणी'. नदीचं नव्हतं ते, बरणीतलं पाणी होतं. जिवाणू वखारीच्या भिंतींवर राहात होते खरे, पण ते आले होते नवऱ्या मुलींबरोबर. नोंदीत नसलेल्या कुठल्यातरी घरी याच बरणीची लेक नांदत असेल, तर तिथल्या तंबाखूचा वास घेऊन नाक आईच्याच घराकडे बोट दाखवणार.

तिच्या मनावरचा दगड उतरला. भाऊ खोटं बोलत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने संचालक देशकरांना सगळं सांगितलं. देशकर सज्जन गृहस्थ होते आणि निवृत्तीला आठ महिने राहिले होते.

"मगदूम, भाऊ तुमचा. हे तुम्ही बोललात की लोक काय म्हणतील, कळतंय ना?"

"कळतंय."

"आणि आधीचे तेवीस? ते सगळे वकील उद्या दारात उभे राहतील. त्यापेक्षा या एका खटल्यातून अहवाल मागे घेऊ. नमुना खराब झाला म्हणू. भाऊ सुटेल, नाकही वाचेल."

क्षणभर तिला मोह झाला, हे खरं. सुकुमार दोन दिवसांत घरी आला असता, आईने भाकरी खाल्ली असती. पण मग ज्याने चार टन गुटखा भरला तोही घरीच राहिला असता, आणि तेविसांमध्ये असा एखादा सुकुमार असला तर त्याची आई?

"साहेब, नमुना चांगला आहे. चूक माझी आहे," ती म्हणाली. "ती मला दुरुस्त करता येते. मला पंधरा दिवस द्या."

नाकाचा अहवाल निर्णायक मानायचं कलम तात्पुरतं स्थगित करावं असं पत्र तिने स्वतः कोर्टात पाठवलं. चौथ्या दिवशी पेपरात मथळा आला : 'भावासाठी बहिणीचे नाक बंद'. मुल्लाणींनी तो पेपर घडी घालून खिशात ठेवला आणि जीप काढली.

"कुठं जायचं, मॅडम?"

"मला विचारू नका. पुढे बसल्यात त्यांना विचारा."

पुढच्या सीटवर रत्नाबाई बसली होती, मांडीवर मिसरीची डबी नि पान-फुलांची पिशवी घेऊन. पोलिसांच्या जीपमधून ती आयुष्यात पहिल्यांदाच फिरत होती आणि तिला ते मनापासून आवडलं होतं. नऊ दिवस तिने मुल्लाणींना गल्लीबोळातून नाचवलं. कुणाची बरणी कुठल्या लग्नात कुणाकडून आली, कुणाची फुटली नि कुणी ती नणंदेकडून पुन्हा आणली, सगळं तिच्या तोंडावर होतं. ज्या दारात पोलीस म्हटल्यावर कडी लागली असती तिथे तिला पाट मिळाला, चहा मिळाला आणि स्टीलच्या डबीत पळीभर आंबवण मिळालं. दहाव्या दिवशी प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये एक्केचाळीस डब्या झाल्या.

"तीस वर्षं खात्यात काढली," मुल्लाणी हताशपणे म्हणाले, "पण असा खबऱ्या मिळाला नाही."

आता प्रश्न उरला मोजायचा. सगळ्या बरण्या एकाच गोतातल्या, मग कुठली कुणाची हे ओळखायचं कसं? त्रिशलाचा तोडगा साधा होता. जिवाणू स्वतःच्या प्रती काढत राहतात आणि प्रत काढताना अधूनमधून चुकतात, हाताने पोथी उतरवणाऱ्याची एखादी ओळ चुकावी तशी. पुढची प्रत ती चूकही इमानदारीने उतरवते. दोन बरण्या एकत्र होत्या तोवरच्या चुका दोघींत सारख्याच असतात. वेगळ्या झाल्यापासूनच्या चुका मात्र ज्याच्या त्याच्या. दर हंगामाला साधारण किती चुका होतात ते एकदा कळलं, की दोन बरण्यांची ताटातूट किती हंगामांपूर्वी झाली ते सांगता येतं. रत्नाबाईने लग्नांची सालं सांगितली होतीच. एक्केचाळीस बरण्यांवर त्रिशलाने ते पडताळून बघितलं तर चाळीस लग्नांचं साल बरोबर निघालं. एकेचाळिसाव्यात रत्नाबाईचीच एका वर्षाची गल्लत होती, आणि पत्रिका काढून दाखवल्यावर तिने ती कबूल केली.

डब्यांवर नावं नव्हती, नुसते आकडे होते. आपल्यावर कुणी बोट ठेवू नये म्हणून त्रिशलाने त्या आणि ट्रकमधला नमुना दुसऱ्या राज्यातल्या प्रयोगशाळेत पाठवले. निकाल आल्यावर तिने आकड्यांच्या जागी नावं घातली तेव्हा पडद्यावर एक झाड उभं राहिलं. वंशावळच ती, पण त्यात एकाही पुरुषाचं नाव नव्हतं. आई, लेक, नात, त्यांच्या बरण्या. ट्रकमधल्या गुटख्याची फांदी थेट रत्नाबाईच्या बरणीतून फुटली होती, बारा हंगामांपूर्वी. त्यानंतर सुकुमारच्या वखारीत झालेल्या चुका त्या गुटख्यात नव्हत्या, म्हणजे तो तंबाखू तिथला नव्हताच.

त्रिशलाने तिथूनच आईला फोन लावला.

"आई, बारा वर्षांपूर्वी तू बरणी कुणाला दिलीस?"

"बारा?" आई पुटपुटत मोजू लागली. "नानीच्या धाकटीला धा झाली. शेवंताच्या सुनंला पंधरा... बाराला न्हाई कुणाला."

"नीट आठव. हे फार महत्त्वाचं आहे."

आई पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली. मग आई म्हणाली, "बारा म्हंजे तुझंच की गं लगीन."

"माझं?"

"तुझी तुज्याकडं हाय, म्हणून मी धरलीच न्हाई. दर दिवाळीला इचारतोय न्हवं तुला, बरणी बरी हाय का म्हणून? तू हाय म्हंतीस."

होय, दर दिवाळीला आई विचारायची आणि दर दिवाळीला ती 'आहे' म्हणायची. लग्नाच्या दिवशी रुखवतातली ती फडकं बांधलेली बरणी बघून तिला लाज वाटली होती. डॉक्टरेट झालेली मुलगी, कोल्हापुरात तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, आणि हातात तंबाखूचं आंबवण! टेम्पोत सामान चढवताना नवऱ्याचा चुलतभाऊ विलास हसत पुढे आला होता. 'वहिनी, तुम्हांला जड होतंय तर मला द्या. मी वखार टाकायच्या विचारात आहे.' तिने सुटकेचा निःश्वास टाकून ती त्याच्या हातात दिली होती. आईला कळू नये एवढीच काळजी घेतली होती.

"आई," ती म्हणाली, "बरणी माझ्याकडे नाही. कधीच नव्हती. मी खोटं सांगत आले तुला."

आईने फोन ठेवला. ती रागावली की रडली ते त्रिशलाला कळलं नाही.

संध्याकाळी तिने नवऱ्याला, प्रशांतला, सगळं सांगितलं. प्रशांत कॉलेजात भूगोल शिकवायचा आणि भांडणाला फार घाबरायचा. विलासची वखार दोन वर्षांतच बंद पडली होती. आता त्याचा पशुखाद्याचा कारखाना होता, हद्दीजवळच्या माळावर. वखारींच्या नोंदीत तो कारखाना असायचं कारणच नव्हतं. त्रिशलाची मुलगी न्यूमोनियाने आजारी होती तेव्हा हाच विलास चार दिवस दवाखान्यात बाकावर झोपला होता.

"आधी त्याला एक फोन करू दे," प्रशांत म्हणाला. "आपला माणूस आहे. काय असेल ते सांगेल."

"तुझा फोन गेला की बरणी मोरीत जाईल, तंबाखू जाळला जाईल आणि सुकुमार आतच राहील."

"आणि विलास आत गेला तर काकूला मी काय तोंड दाखवू?"

"मी माझ्या आईला दाखवते आहे तेच," त्रिशला म्हणाली. "प्रशांत, त्याने आपल्या पोरीसाठी जे केलं ते मी जन्मभर विसरणार नाही. पण त्याच्या पुड्या दुसऱ्यांच्या पोरांच्या दप्तरात सापडतात रे."

प्रशांतने हातातला फोन टेबलावर ठेवला आणि तो उठून बाल्कनीत गेला. त्याने फोन केला नाही. त्या एका गोष्टीसाठी तिने पुढे त्याची कितीतरी भांडणं माफ केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला मुल्लाणींची तुकडी माळावर पोचली. कारखान्याभोवती साखर कारखान्यातल्या मळीचा इतका उग्र वास होता की त्याच्याखाली दुसरा कुठलाही वास लपून गेला असता. पेंडीच्या पोत्यांच्या थप्पीमागे नवी भिंत होती, भिंतीमागे तंबाखूचे सहा ढीग आणि पाऊच भरायची तीन यंत्रं. कोपऱ्यात, देवाच्या तसबिरीखालच्या कोनाड्यात, तपकिरी-पांढरी बरणी होती, फडकं बांधलेली.

विलास पळाला नाही. त्याने त्रिशलाला बघितलं, बरणीकडे बघितलं आणि तो नेहमीसारखाच मोकळं हसला.

"वहिनी, तुमचीच बघा. बारा वर्षांत एक आठवडा चुकला नाही माझा. जिवंत ठेवलीय."

त्रिशलाला त्याचा संताप आला, आणि संतापाइतकीच लाजही वाटली. जे तिने करायचं ते त्याने केलं होतं, आणि जे कुणीच करायचं नाही तेही.

खटल्याच्या दिवशी कोर्ट खच्चून भरलं होतं. कुरळवाडीहून दोन टेम्पो भरून बायका आल्या होत्या, आणि पहिल्या बाकावर रत्नाबाई होती. त्या फोननंतर ती लेकीशी एक शब्दही बोलली नव्हती. पडद्यावर वंशावळ लावून त्रिशलाने अर्धा तास साक्ष दिली. नाक कुठे चुकलं, का चुकलं, आणि आता ते कसं चुकणार नाही, हे तिने कुठेही न अडखळता सांगितलं. आधीचे तेवीस अहवालही तिने बरण्यांवर पुन्हा तपासले होते. एकवीस बरोबर निघाले, दोन नाही. त्या दोघांना सोडावं असा अर्ज तिने स्वतः केला होता आणि दोघांच्याही घरी माफी मागायला ती गेली होती. एका घरी तिला पाणी मिळालं. दुसऱ्या घरी दारच उघडलं नाही.

विलासचा वकील हुशार होता. तो उठला आणि शांतपणे म्हणाला, "मॅडम, झाड छान आहे. पण हे आंबवण खोतांच्या घरातून माझ्या अशिलाकडे गेलं कसं? सुकुमार खोतांनीच दिलं असेल की. म्हणजे दोघांची भागीदारी!"

कोर्टात कुजबुज झाली. सुकुमारने मान खाली घातली. सरकारी वकिलांनी त्रिशलाला आदल्या दिवशी बजावलं होतं, हा प्रश्न आला तर 'तपास चालू आहे' म्हणा, स्वतःला कशाला अडकवता?

"सुकुमारने दिलं नाही," त्रिशला म्हणाली.

"मग कुणी दिलं?"

"मी. ते माझ्या रुखवतातलं आंबवण आहे. माझ्या आईने मला विश्वासाने दिलं, मला ते जवळ ठेवायची लाज वाटली, म्हणून मी ते विलास मगदूम यांच्या हातात दिलं. नंतर बारा वर्षं मी आईशी खोटं बोलले. मी त्याच वेळी खरं सांगितलं असतं, तर ही बरणी पहिल्याच दिवशी आमच्या यादीत आली असती."

न्यायाधीशांनी लिहिणं थांबवून वर बघितलं. वकील आणखी काही विचारणार होता, पण विचारायला काही उरलं नव्हतं. पहिल्या बाकावरून रत्नाबाईचा आवाज आला, कोर्टात बोलायचं नसतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"आता कशी माझी लेक बोलली!"

सुकुमार त्याच दिवशी सुटला. बाहेर आल्यावर त्याने बहिणीच्या पायाला हात लावला आणि वर उठताना म्हणाला, "आक्का, सर्दी गेली न्हवं?" तिने त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि मग ती रस्त्यातच रडली.

विलासला शिक्षा झाली. त्याने वरच्या कोर्टात अपील केलं, आणि त्यातून एक वेगळीच पंचाईत उभी राहिली. अपील निकालात निघेपर्यंत पुरावा जसाच्या तसा राखायचा असा हुकूम होता, आणि या खटल्यातला मुख्य पुरावा जिवंत होता. मुद्देमालाच्या कोठारात ठेवला तर आठ दिवसांत मेला असता. शेवटी बरणी प्रयोगशाळेच्या ताब्यात आली आणि ती जगवायची जबाबदारी डॉक्टर मगदूम यांच्यावर पडली.

पहिल्या सोमवारी सकाळी त्रिशलाने काट्यावर गूळ तोलला, पाण्याचं तापमान मोजलं आणि काचेच्या नळीने ते थेंब थेंब सोडू लागली. फोन कानाशी होता.

"काय करालीस?" पलीकडून आई.

"गूळ घालतेय. साडेबारा ग्रॅम."

"औषध पाजालीस व्हय त्येला? मूठभर चुरून टाक नि पळीनं ढवळ. आनि वास घे."

त्रिशलाने काचेची नळी बाजूला ठेवली. मुठीत गूळ चुरला, आत टाकला, ढवळलं आणि वाकून वास घेतला.

"कसा यायलाय?"

"तुझ्या स्वयंपाकघरासारखा."

"मग जगंल," आई म्हणाली आणि मिसरी लावायला निघून गेली.

टेबलावर मुद्देमालाचं कार्ड पडलं होतं. वस्तूचं वर्णन, सापडल्याची जागा, तारीख, सगळं हवालदाराने सुवाच्य अक्षरात भरलं होतं. 'मालकाचे नाव' या रकान्यापाशी मात्र तो अडला होता आणि त्याने तिथे पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं. त्रिशलाने ते प्रश्नचिन्ह खोडलं, पेन उघडलं आणि लिहिलं, त्रिशला रत्नाबाई खोत. मग बरणीच्या तोंडावर फडकं बांधून तिने ती फळीवर, नाकाच्या अगदी शेजारी ठेवली.